घरचे कोणी नाही

मनामा, बहरीन
सोमवार, १० फेब्रुवारी १९९७

चि. रंजिता हीस,

लिहिण्यास कारण असे काही नाही. ईदची सुट्टी आहे, खोलीतले सगळे बाहेर गेले आहेत, आणि तुझ्या आईच्या मागच्या पत्राला उत्तर द्यायचे राहिले होते. ते उत्तर तुलाच लिहितो, कारण ते पत्र तुझ्या हातचे आहे.

आईला अक्षर येत नाही. पूर्वी तिची पत्रे शेजारची रखमा लिहायची. पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. गेल्या गणपतीपासून आईच्या पत्रांना समास आला, परिच्छेद आले, स्वल्पविराम आले. समास आखून मग लिहावे हे तुला मीच शिकवले होते, सुट्टीवर आलो की पडवीत बसवून. त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. म्हणजे आई खाडी ओलांडून आगरवेळला तुझ्या सासरी येते. तसे करू नकोस, ती या घरातून गेली, असे मी आईला लिहिले होते. ते माझे पत्रही तूच तिला वाचून दाखवलेस की काय, असा आता विचार येतो.

दर पत्रात शेवटून दुसरे वाक्य असते, 'रंजी बरी आहे.' स्वतःच्या हाताने स्वतःबद्दल लिहितेस. असो.

गेल्या दोन वर्षांबद्दल मी लिहिणार नाही. मी मुलगा पाहिला होता, डिप्लोमा झालेला. तू चिपळूणच्या कचेरीत जाऊन सही केलीस आणि मला नंतर कळवलेस. झाले ते झाले. इथे काय घडले ते तुला दुसऱ्याच्या तोंडून वाकडे कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

इथे थंडीच्या दिवसांत दर शुक्रवारी कोकणातल्या गावांची क्रिकेटची स्पर्धा असते, हे तुला ठाऊक आहे. आपल्या तळखारच्या संघात खेळायचे तर जन्म तळखारचा पाहिजे. याला एकच अपवाद, गावचा जावई. तो सासुरवाडीकडून खेळू शकतो. पण मुलीचा बाप इथे बहरीनमध्ये असेल तर त्याने कमिटीपुढे उभे राहून स्वतःच्या तोंडाने म्हणावे लागते, 'हा आमचा जावई.' कागद चालत नाही. कागद कोणीही आणतो.

ज्याच्यासाठी तू सही केलीस तो डिसेंबरात इथे आला हे मला कळले होते. चांगला खेळतो हेही सगळीकडे झाले होते. जानेवारीच्या पहिल्या गुरुवारी बाजारातल्या हॉटेलच्या माडीवर नावे देण्याची शेवटची बैठक होती. आमच्या संघाचा कप्तान हारून. तळखारच्या मशिदीमागचे घर त्याचे, इथे माझ्याच खोलीत राहतो. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण जिभेला हाड नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, उभं राव्हा नि बोला. तीन शब्द हायत."

मी म्हटले, "मला जावई नाही."

"मग रंजी काय वाऱ्याशी लगीन लावून बसली?"

मी उठलो. जिना उतरताना वरून त्याचा आवाज आला, "सुंभ जळला तरी पीळ जायचा नाय." मैदानावरची सुंभाची मॅट दर शुक्रवारी मी आवळतो, म्हणून हा टोमणा.

तो मग आगरवेळकडूनच खेळतो आहे. त्याचे ते जन्मगाव, कोणाला विचारायला नको. शेवटच्या चार संघांत दोन्ही गावे आली आहेत, आणि २१ तारखेला सेमीफायनल तळखार विरुद्ध आगरवेळ अशी पडली आहे. तळखारचा अंपायर मी. प्रत्येक गावाने एक अंपायर द्यायचा हा इथला रिवाज आहे. अंपायर गावचा चालतो, मात्र त्याच्या घरचा माणूस कोणत्याही बाजूने खेळत असता कामा नये. टॉसच्या आधी समोरचा कप्तान मोठ्याने विचारतो, "घरचे कोणी?" आणि अंपायरने सांगायचे, "घरचे कोणी नाही." नऊ वर्षे मी हे उत्तर देत आलो आहे. क्रिकेटचे बेचाळीस नियम मी डिक्शनरी घेऊन एकट्याने वाचले, माझे निम्मे इंग्रजी त्यातून आले. हारूनला मी स्वतः किती वेळा बाद दिले असेल. माझे बोट वर गेले की खलास, दोन्ही गावे मान्य करतात.

मॅट पाहायला मैदानावर गेलो होतो तेव्हा आगरवेळचा सराव चालू होता. सहज दिसले. त्याचे मनगट बरे आहे. डावा पाय मात्र फार लवकर पुढे टाकतो.

आईला सांग, छपराला लागणारे पैसे महिनाअखेर येतील.

शिवदास पाष्टे


मनामा
बुधवार, १९ फेब्रुवारी

चि. रंजिता हीस,

मागच्या पत्राला अजून उत्तर येण्याइतके दिवस झालेले नाहीत. तरी लिहितो.

काल इथल्या झिंज भागात एका नव्या इमारतीत गेलो होतो. थंड हवेचे डक्ट बसवण्याचे काम दुसऱ्या कंपनीचे, पण आमची मशिने जोडण्याआधी ते तपासून घेणे माझ्याकडे आहे. दुसऱ्या मजल्यावर शिडीवर एक मुलगा जोडाला टेप लावत होता. खालून मला पाठ दिसली. मी म्हटले, "ही टेप तिरकी आहे. इथून थंड हवा गळेल. काढ."

"होय साहेब," म्हणाला आणि वळला. तोच होता.

त्याने टेप काढली, गोंद खरवडला, पुन्हा लावायला घेतली. मी निघून जायला हवे होते. जोड पुरा झाल्याशिवाय मी शिडीखालून हलत नाही ही माझी सवय, म्हणून उभा राहिलो. शिडी धरलेला त्याचा सोबती हसत म्हणाला, "अरे प्रवीणभाई, आज ध्यान किधर है? बाप बननेवाला है, इसलिए?"

मी वर पाहिले. त्याने खाली पाहिले नाही.

"कितवा?" मी विचारले.

"सातवा लागला, साहेब."

"टेप सरळ लाव," मी म्हटले.

हे मला शिडीखाली उभे राहून कळले. 'रंजी बरी आहे' या तीन शब्दांत तू हे बसवलेस. तुला दोष देत नाही. ज्याने दार लावले त्याला आतले काय सांगायचे.

मी डक्टचा हेल्पर म्हणून इथे आलो ते तुला आठवणार नाही, तू दोन वर्षांची होतीस. त्याच शिडीवर, तोंडाला फडके बांधून. मोठ्या साहेबांची पुस्तके पाहून पाहून फोरमन झालो. माझी मुलगी बी.एस्सी. होते आणि त्या शिडीच्या खालच्या पायरीवर उभ्या असलेल्याशी जाऊन लग्न करते, हे मला सहन झाले नाही. दोन वर्षे मी म्हणत आलो, मला विचारले नाही म्हणून राग आहे. विचारले असतेस तरी मी नाहीच म्हटले असते. काल शिडीखाली उभा असताना हे कळले.

पहिले बाळंतपण माहेरी होते, हे मला कोणी सांगायला नको. त्यावर मी विचार करतो आहे. आज एवढेच लिहू शकतो.

हारूनला मी म्हटले, शुक्रवारी तळखारकडून दुसरा अंपायर पाठव.

तो कांदा चिरत होता. सुरी थांबवून म्हणाला, "का? घरचं कोन हाय?"

मी उरलेले कांदे सोलून दिले. मीच उभा राहणार.

शि. पाष्टे


मनामा
शनिवार, २२ फेब्रुवारी

चि. रंजिता हीस,

सामना झाला. आगरवेळ जिंकली. त्याने तुला कळवलेच असेल. माझ्याकडून जे घडले ते असे.

टॉसच्या वेळी आगरवेळचा कप्तान अर्शद याने रिवाजाप्रमाणे विचारले, "पाष्टेदादा, घरचे कोणी?" सगळे ऐकत होते. सगळ्यांना ठाऊकही होते. तो चारच पावलांवर वाकून पॅड बांधत होता. संघाचे जुने पॅड, बकल सैल झालेले, म्हणून पट्ट्याला गाठ मारत होता. मी म्हटले, "घरचे कोणी नाही." त्याने मान वर केली नाही. गाठ मारून झाली तशी दुसऱ्या पायाची मारायला घेतली.

तळखारने १३४ केल्या. आगरवेळचे दोन गडी लवकर पडले, मग तो आला. खेळला चांगला. अंपायरला बाजू नसते, त्यामुळे याहून जास्त लिहिणे बरे नाही. एकच सांगतो, कारण ते स्क्वेअर लेगच्या अंपायरनेही पाहिले. दोनदा माझा हात चौकाराची खूण करायला उठला तेव्हा चेंडू अजून दोरीपासून लांब होता. आणि दुसऱ्या टोकाला हारूनने एकाचा मधला स्टंप उडवला तेव्हाही माझ्या छातीत तितकेच उसळले. तळखारच्या शाळेमागच्या मळ्यात हा पोरगा नारळाच्या झावळीची बॅट करून खेळायचा, ते मी पाहिले आहे. एका छातीत दोन ढोल वाजत होते, आणि वरून चेहरा मी अंपायरचा ठेवला होता.

शेवटून तिसऱ्या षटकात हारूनचा एक चेंडू त्याला चुकवून गेला. कीपरने घेतला. झेल म्हणून सगळ्यांनी अपील केले. मी नाबाद दिले. मला काही ऐकू आले नाही. वारा होता.

त्यानंतर त्यानेच सामना संपवला. हारूनने माझ्याशी हात मिळवला नाही. आवाज मैदानभर गेला, असे तो सर्वांना सांगतो आहे. सांगो. निर्णय अंपायरचा असतो आणि एकदा दिला की दिला.

शि. पाष्टे


मनामा
मंगळवार, २५ फेब्रुवारी

रंजी,

शनिवारी लिहिले की वारा होता. वारा नव्हता.

आवाज मला ऐकू आला. बारीक, कोरडा, टक् असा. बोट वर न्यायला मी हात खिशातून काढला होता. त्याच वेळी त्याने माझ्याकडे पाहिले. विनवणी नव्हती त्यात. झिंजला शिडीवरून वळून पाहिले तसेच पाहिले, टेप तिरकी आहे म्हटल्यावर. मी काढ म्हटले तर तो काढणार होता. आणि माझा हात पुन्हा खिशात गेला. 'नाबाद' हे मी तोंडाने म्हटले, तेसुद्धा नंतर.

त्या क्षणी मला खेळाचे काही सुचले नाही. सातवा लागला, एवढेच डोक्यात होते. ज्याला टॉसला माझा म्हटले नाही त्याच्यासाठी मी दुपारी चोरी केली, आणि चोरी कोणाची, तर माझ्या गावाची. आधी खोटे बोललो आणि मग ते खोटे पाठीशी घेऊन लबाडी केली. तुझ्या बापाबद्दल लोक काहीही म्हणत, ताठ आहे म्हणत, तिरसट म्हणत, पण आजवर हे कोणी म्हटले नव्हते.

खोलीत माझ्याशी कोणी बोलत नाही. रविवारी हारूनची स्वयंपाकाची पाळी होती. त्याने मासे केले, माझे ताट वाढले, झाकून ठेवले आणि स्वतः बाहेर जाऊन बसला. उपाशी ठेवले असते तर बरे वाटले असते. मी ताट घेऊन त्याच्याजवळ जिन्यात गेलो.

"दादा," तो म्हणाला, "नव वर्सं तुमी मला आऊट देत आलात. एकदा तर माज्या बॅटला बॉल लागलापन नव्हता. मी एक शब्द बोललो?"

"नाही बोललास."

"का नाय बोललो? आमचा दादा म्हनून. गाववाले हसायचे, तुमचाच अंपायर तुमाला गाडतो. मी सांगायचो, तसाच हाय आमचा." मग म्हणाला, "मी तक्रार टाकलीय. आवाजाची नाय. आवाजाची तक्रार चालत नाय, तुमीच शिकवलात. घरची टाकलीय. गुरुवारी विचारतील तुमाला. ताटातला मासा गार होतोय, खावा."

आता पेच कसा आहे तो नीट पाहा. गुरुवारी कमिटीचे प्रमुख रहिमतुल्लाशेठ मला एकच विचारणार, तो मुलगा तुमच्या घरचा आहे की नाही. मी नाही म्हटले तर निकाल कायम. तो फायनल खेळेल, ज्या फायनलसाठी त्याने जीव तोडला. आणि मी तुला तिसऱ्यांदा, पन्नास माणसांदेखत, नाही म्हटलेले असेल. हो म्हटले तर अंपायर घरचा ठरतो, सामना रद्द, पुन्हा खेळायचा, आणि मिळालेला विजय त्याच्या हातून काढून घेणारा मीच. जावई म्हणून त्याला पहिली भेट ही.

कोणी जिंकावे असे मला वाटते, हे विचारशील तर मला सांगता येत नाही. तळखार हरले याची लाज वाटते आणि तो नाबाद परत आला ते आठवले की, देवाशपथ, अजूनही बरे वाटते. त्या बरे वाटण्याचीच जास्त लाज वाटते.

तुझे मत विचारावे तर पत्राला दहा दिवस. आगरवेळच्या दुकानात फोन आहे म्हणतात, पण दुकानभर माणसांत उभी राहून तू काय बोलणार, आणि मी तरी काय. इतकी वर्षे मी कोणाला काही विचारले नाही. विचारायची वेळ आली तेव्हा विचारण्यासारखे एकच माणूस आहे, आणि त्याच्याशी मी बोलत नव्हतो.

आण्णा


मनामा
शनिवार, १ मार्च

चि. सौ. रंजिता हीस अनेक आशीर्वाद,

आधीच्या पत्रांवर 'सौ.' लिहिले नव्हते. चुकून राहिले नव्हते.

गुरुवारी बाजारातल्या त्याच हॉटेलच्या माडीवर बैठक झाली. रहिमतुल्लाशेठ म्हातारे, रायगडकडचे, कापडाचे व्यापारी. एरवी मला पाष्टेसाहेब म्हणतात. परवा म्हणाले, "पाष्टे, उभे राहा. आगरवेळचा प्रवीण डिंगणकर तुमच्या घरचा आहे का?"

मी उभा राहिलो. शब्द तीनच होते, हारून म्हणाला होता तसे. पण ते निघेपर्यंत खाली रस्त्यावर एक टॅक्सी येऊन गिऱ्हाईक घेऊन गेली, ती मी पाहत होतो. मग म्हटले, "हा आमचा जावई. माझ्या मुलीचा नवरा. टॉसला मी खोटे बोललो."

मी बसलो नाही. म्हटले, "आणि झेल होता. आवाज मी ऐकला होता."

"ते आम्ही विचारलं नव्हतं," शेठ म्हणाले.

"माहीत आहे."

शेठनी चष्मा काढला, पुसला. "मग आता तुम्हाला पुन्हा अंपायर म्हणून बोलावता यायचं नाही."

"बरोबर आहे," मी म्हटले. नियमाने तेच बरोबर आहे.

तो मागच्या बाकावर अर्शदजवळ बसला होता. अर्शद त्याला कोपराने ढोसत होता, "बोल की रे, काय तरी बोल." तो हाताला लागलेला गोंद नखाने काढत बसला होता. मला वाटले, रागावला. रागावण्याचा हक्कच होता. सामना रद्द झाला. काल शुक्रवारी पुन्हा खेळायचे ठरले.

काल सकाळी मी नेहमीप्रमाणे जाऊन मॅट भिजवली, ओढली, खुंट्या ठोकल्या. ते काम कमिटीने काढून घेतले नव्हते. नंतर कुठे बसावे ते कळेना. एका बाजूला तळखारची कनात, आपली माणसे, चहाची किटली. दुसऱ्या बाजूला आगरवेळची. तळखारवाले मी दिसलो की बोलायचे थांबत होते आणि आगरवेळवाल्यांनी माझ्यामुळे जिंकलेला सामना घालवला होता. नऊ वर्षे मी मैदानाच्या मधोमध उभा होतो, त्यामुळे कडेला माझी जागा कुठली हा प्रश्न कधी पडला नव्हता. शेवटी गोलंदाजामागच्या पांढऱ्या पडद्यामागे जुना रोलर गंजत पडला आहे त्यावर जाऊन बसलो.

या वेळीही तो चौथा आला. पाचच धावा केल्या होत्या. हारूनने एक चेंडू आत आणला, त्याने डावा पाय लवकर टाकला, आणि ऑफ स्टंप गेला. तळखारची कनात उठून ओरडली. मी टाळ्या वाजवल्या. रंजी, मी वाजवल्या म्हणजे हात वाजले, आवाज ऐकून मला कळले की हे माझे हात आहेत. जन्माची सवय. तो परत येताना पडद्याजवळून गेला. त्याने ते पाहिले. मी हात मांडीखाली घेतले, शाळेत पोरे घेतात तसे.

तळखार जिंकले. हारून माझ्याकडे आला नाही, पण लांबूनच ओरडला, "दादा, आज आवाज आला का?" सगळे हसले. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी कोणी माझ्याशी बोलले होते.

मी खुंट्या काढायला उठणार तोच तो येऊन रोलरवर शेजारी बसला. पॅड अजून पायात होते.

"मामा, मॅट आज चांगली आवळलेली होती," म्हणाला.

मला कोणी कधी मामा म्हटलेले नाही. मला बहीण नाही, तुला ठाऊकच आहे. मी म्हटले, "डावा पाय लवकर टाकतोस."

"होय. रंजीपण म्हणते."

"तिला काय कळते?"

"तुम्हीच शिकवलंत म्हणते. पडवीत बसून रेडिओ ऐकताना."

मग तो पॅड सोडू लागला. गाठ सोडली तसे ते सैल बकल पट्ट्यावर आपटले. टक्. बारीक, कोरडा. मी बकलाकडे पाहिले. त्याने ते पाहिले आणि म्हणाला, "त्या दिवशी हे वाजलं होतं, मामा. बॅटला नव्हता लागला."

"काय?"

"पाय पुढे टाकला, बकल वाजलं. चेंडू लांबून गेला."

"मग काल माडीवर बोलला का नाहीस? अर्शद सांगत होता ना बोल म्हणून?"

तो दुसरी गाठ सोडत होता. खाली बघूनच म्हणाला, "तुम्ही जावई म्हणालात. त्याच्यावर मी बकल बकल करत बसलो असतो, तर सगळे बकलाच्या मागे लागले असते. तुमचं म्हणणं राहिलं असतं बाजूला."

मी त्याच्या हातातून पॅड घेतले आणि बकल वाजवून पाहिले. तसाच आवाज वाटला. पुन्हा वाजवले, तेव्हा नाही वाटला. ज्या कानांचा मला एवढा अभिमान, त्यांना ठरवता येईना. तो खरे सांगतो आहे की म्हाताऱ्याची लाज झाकतो आहे, हे मला कळत नाही. खरे असेल तर मी चोरी केली नाही, पण चोरीच करायची म्हणून केली, हे माझ्याजवळ राहतेच. खोटे असेल तर ते त्याने माझ्यासाठी केले, आणि त्याच्यासाठी मी काय केले ते वर लिहिले आहे. मी त्याला पुन्हा विचारले नाही. विचारणार नाही.

आम्ही दोघांनी मिळून मॅट गुंडाळली. तो उलट बाजूने गुंडाळत होता, ते सांगितले. पुढच्या शुक्रवारी फायनल तळखारची आहे. तो म्हणतो, मी येणार, तळखारच्या कनातीत बसणार आणि ओरडणार, जावई आहे, हक्क आहे. मला म्हणाला, "तुम्ही या वेळी कुठे बसणार?" मी म्हटले, बघू. पण बघण्यासारखे त्यात काही नाही.

आता कामाचे. आईला वेगळे पत्र लिहीत नाही, हेच तिला वाचून दाखव. सगळे वाच, मधले गाळू नकोस. आधीची चारही वाच. ती मध्ये मध्ये मला शिव्या देईल, त्या लिहून कळवल्यास तरी चालतील.

दिवस भरत आले की निघायचे असे करू नकोस, हे पत्र मिळाल्यावर त्याच आठवड्यात तळखारला ये. ओहोटीला होडी चिखलात लागते आणि गुडघाभर चिखल तुडवावा लागतो, म्हणून होडीवाल्याला आदल्या दिवशी विचारून भरतीची वेळ धर. कडेला बसू नकोस, मधल्या फळीवर बस. पडवीकडची खोली आईने रिकामी करावी, तिथे वारा चांगला येतो. तिथली खिडकी उजव्या झडपेला अडते, ती जरा उचलून मग ढकलायची.

उत्तर लिहिशील तेव्हा आईच्या नावाने लिहू नकोस.

तळखारच्या धक्क्यावर उतरलीस की कोणी ना कोणी बसलेले असतेच. विचारतील, कोणाच्या घरची. मोठ्याने सांग.

तुझा
आण्णा